हृदय बंद पडण्याआधी

आधी अन्नावरची वासना जाते. मग बोलणे तुटक होते, पायांचे तळवे गार पडतात, लघवी थांबते, छातीत घरघर लागते आणि नाडी हाताला लागेनाशी होते. घरातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना हा क्रम कुणी शिकवलेला नसे. चार-सहा मरणे जवळून पाहिली की तो कळे, आणि मग डॉक्टरला बोलवायचे की सासरी गेलेल्या लेकींना, हे त्याच ठरवत. वैद्यकालाही हा क्रम फार जुना आहे. चरकसंहितेतले बारा अध्यायांचे इंद्रियस्थान अशाच अरिष्टलक्षणांना वाहिलेले आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत मरणाऱ्या माणसाचा चेहरा टिपला आहे: टोकदार झालेले नाक, खोल गेलेले डोळे, बसलेली कानशिले, गार कान. वैद्यकाचे विद्यार्थी त्या चेहऱ्याला आजही हिपोक्रेटिसचेच नाव देतात. दोन्हीकडच्या वैद्यांना सल्लाही जवळपास सारखाच होता: असाध्य रोगी हाती घेऊन अपयश पदरात घेऊ नये.

शरीर हरताना कसे दिसते, हे माणसाला निदान दोन हजार वर्षे माहीत आहे. ते का हरते, हे कळू लागून जेमतेम सव्वादोनशे वर्षे झाली. आणि ते का हरले याची नोंद ठेवण्याची सवय आपल्या देशाला अजून लागलेली नाही. या तिसऱ्या गोष्टीबद्दल मुख्यतः बोलायचे आहे. पण पहिल्या दोन समजल्याखेरीज तिचे गांभीर्य कळत नाही.

१८०० साली पॅरिसमध्ये झाविए बिशा या शरीरशास्त्रज्ञाने जीवन आणि मृत्यू या विषयावर ग्रंथ लिहिला. वय अठ्ठावीस. राज्यक्रांतीचा धुरळा अजून बसायचा होता, आणि गिलोटिनखाली गेलेल्या देहांवर प्रयोग करण्याची परवानगी या गृहस्थाने मिळवली होती. मरण साऱ्या शरीरात एकदम येत नाही, असे त्याने दाखवले. ते हृदय, फुप्फुस किंवा मेंदू यांपैकी एका दारातून आत शिरते आणि मागोमाग उरलेल्या दोघांना घेऊन जाते. दोन वर्षांनी बिशा स्वतःच गेला. त्याची तीन दारे मात्र अजून शाबूत आहेत. अतिदक्षता विभागातला डॉक्टर पडद्यावरची हृदयाची रेघ पाहतो, श्वासयंत्राचे आकडे पाहतो, बॅटरीच्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या पाहतो, तेव्हा तो बिशाच्याच तीन दारांवर पहारा देत असतो. पण रोगी दाराशी कोणत्या वाटेने आला, हे दाराकडे पाहून कळत नाही.

ती वाट पहिल्यांदा स्वच्छ दिसली ती पटकीत. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरच्या आसपास भडकलेली पटकी पुढच्या पंधरा वर्षांत जग फिरत इंग्लंड-स्कॉटलंडला पोचली. आपल्याकडे तिला मरीआईचा कोप म्हणत आणि मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटत. तिकडचे डॉक्टर रोग्याच्या शिरा कापून रक्त काढत आणि पाऱ्याची औषधे देत. दोहोंत निवड करायची तर गाड्याने निदान रोग्याला इजा होत नसे. बावीस वर्षांच्या विल्यम ओशॉनेसीने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार जुलाबावाटे निघून गेल्याचे दाखवले. त्याचा निष्कर्ष वाचून मे १८३२ मध्ये लीथ बंदरातल्या थॉमस लाटा या डॉक्टरने मरायला टेकलेल्या एका वृद्ध बाईच्या शिरेत खारे पाणी सोडले. बसलेले डोळे वर आले, गार अंगात ऊब आली, बाई बोलू लागली. लाटा थकून घरी गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा द्यायला हवे हे कुणाच्या ध्यानात आले नाही, आणि काही तासांत बाई गेली.

शोध हाताशी येऊनही निसटला. लाटा पुढच्याच वर्षी वारला, साथ ओसरली, शिरेतून पाणी देणे हा वेडाचार ठरला. ओशॉनेसी कलकत्त्याला आला आणि पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणण्यात गढून गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्सने खारे पाणी पुन्हा वापरून मृत्यू बरेच खाली आणले. १९५९ साली शंभूनाथ डे यांनी पटकीच्या जंतूचे विष आतड्यातून पाणी कसे ओढून काढते हे सिद्ध केले, तेही कलकत्त्यातच. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपातून वाटायला लावले. छावणीतले मृत्यू शंभरात तीसवरून चारच्याही खाली आले. पटकीने मेलेल्या प्रत्येकाचे हृदय शेवटी बंदच पडले होते. पण कागदावर 'हृदय बंद पडले' एवढेच लिहिणाऱ्याला ते मीठ-साखरेचे पाणी कधी सुचले नसते.

शरीर तोल राखते कसे, हे मधल्या काळात वेगळ्या वाटेने उलगडत होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार्डने सांगितले की बाहेर थंडी असो वा ऊन, पेशी ज्या द्रवात जगतात त्याचे आतले हवामान शरीर सांभाळून ठेवते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आघाडीवर गेलेल्या अमेरिकी वॉल्टर कॅननने जखमी शिपाई पाहिले: अंग गार, घाम, नाडी दोऱ्यासारखी, रक्तदाब कोसळलेला. पुढे १९२६ मध्ये त्याने या आतल्या समतोलाला नाव दिले आणि १९३२ मध्ये 'द विझडम ऑफ द बॉडी' हे पुस्तक लिहिले. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्येने उंदरांवरच्या प्रयोगांतून तीन टप्पे मांडले: आधी धोक्याची जाग, मग प्रतिकार, आणि ताण हटलाच नाही तर थकवा. सेल्येच्या मांडणीतले बरेच काही पुढे वादात सापडले, आणि तंबाखू कंपन्यांच्या पैशावर त्याने जी वकिली केली ती तर लाजिरवाणीच. पण प्रतिकाराची शक्ती हे मर्यादित भांडवल आहे, ही त्याची मूळ गोष्ट टिकली.

हे भांडवल शरीर खर्च कसे करते ते पाहण्याजोगे आहे. दुष्काळात धरणाचे पाणी आधी उसाला तोडतात, मग बाकी शेतीला, आणि शेवटी पिण्यापुरते राखतात. आजारात रक्तपुरवठा कमी पडू लागला की शरीर अगदी हेच करते. पहिल्यांदा त्वचेचे रक्त तोडले जाते, म्हणून तळवे गार. मग आतड्याचे, म्हणून अन्न नकोसे. मग मूत्रपिंडांचे, म्हणून लघवी बंद. जे उरते ते हृदय आणि मेंदूसाठी. म्हाताऱ्यांना ठाऊक असलेल्या खुणांचा अर्थ हा असा आहे. फसगत होते ती इथेच, कारण ही सगळी काटकसर चालू असताना रक्तदाबाचा आकडा बराच वेळ ठीक दिसतो. तरणा रोगी तर तासन्‌तास झुंजतो. नाडी १३० वर, श्वास मिनिटाला तीस, आणि नातेवाईक म्हणतात, 'बोलतोय की चांगला.' मग तो एकदम कोसळतो, आणि सगळ्यांना वाटते की अचानक झाले. ते अचानक नसते. म्हाताऱ्या, कुपोषित किंवा जुन्या मधुमेहाच्या रोग्यापाशी मुळात शिल्लकच थोडी असते, म्हणून तो साध्या तापात जातो.

एका अवयवाचा बचाव झाला की पुढचा उघडा पडतो, हे वैद्यकाला युद्धांनी शिकवले. पहिल्या महायुद्धात शिपाई रक्तदाब कोसळून मेले. त्यावर रक्त देण्याची, शिरेतून पाणी देण्याची विद्या बसली. १९४०-४१ मध्ये लंडनवर बाँब पडत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे आधी ठणठणीत वाटत आणि आठवड्याभरात दगावत. चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेले द्रव्य त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. एरिक बायवॉटर्सने ते १९४१ मध्ये दाखवून दिले. तिकडे जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ सॉसेजची सेलोफेनची वेष्टने फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवत होता. सुरुवातीचे त्याचे जवळपास सगळे रोगी गेले. १९४५ मध्ये एक बाई पूर्ण बरी झाली आणि डायलिसिसचे युग सुरू झाले. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत रोग्यांना श्वास दिला. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्मला. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरने तातडीने उचललेल्या जखमींचा रक्तदाबही टिकला आणि मूत्रपिंडेही, पण दोन दिवसांनी फुप्फुसे पाण्याने भरली. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी अशाच बारा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. फुप्फुसांसाठी श्वासयंत्रे आली, आणि १९७३ मध्ये बॉस्टनहून अहवाल आला की यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही काही रोग्यांचे अवयव एकामागून एक माना टाकतात. आता मरायला एक अवयव पुरेनासा झाला होता.

या साखळीमागे कोण, याचे उत्तर जंतुसंसर्गात शोधले गेले. तो इतिहास बाळंतिणींच्या खाटेपासून सुरू होतो. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइसने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास. वरिष्ठांना हा अपमान वाटला. झेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, चिघळलेल्या जखमेने मेला. पुढे जंतू सापडले, आणि १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून गाळून तेच पुन्हा द्यावे लागले. तो सुधारला, साठा संपला, आणि तो गेला. औषध भरपूर झाले की हा प्रश्न मिटेल, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते.

औषध भरपूर झाले, तरी प्रश्न मिटला नाही. जंतू मरत होते आणि रोगीही. १९७२ मध्ये लुईस थॉमस या अमेरिकी डॉक्टरने लिहिले की जंतूंपेक्षा त्यांच्यावर सोडायची आपली स्वतःचीच शस्त्रे अनेकदा अधिक घातक ठरतात. आज सेप्सिस म्हणतात तो हाच प्रकार. जंतू एका जागी असतो, पण त्याला दिलेले प्रत्युत्तर सर्व शरीरभर पेटते. बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, ठिकठिकाणी गुठळ्या होतात, रक्तदाब ढासळतो. हे प्रत्युत्तर आवरायला औषध कंपन्यांनी दोन दशके पैसा ओतला. २००१ मध्ये झिग्रिस नावाचे अतिशय महागडे औषध बाजारात आले. त्याने मृत्यू कमी होत नाहीत हे दिसल्यावर २०११ मध्ये ते मागे घेतले गेले. ज्याने खरोखर फरक पडतो ते अगदी साधे निघाले: योग्य प्रतिजैविक, आणि तेही लवकर. २००६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात रक्तदाब कोसळल्यानंतर औषधाला झालेल्या दर तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. 'लॅन्सेट'मधल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख माणसांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मेली. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक.

स्वतःच्याच प्रत्युत्तराने शरीर मरते याचा सगळ्यात लख्ख पुरावा मात्र कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून आला, आणि त्याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही. १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीला नोकरीवर आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पाहिले की लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि पोरे एका रात्रीत जातात. आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे. मग खोकल्यातून गुलाबी फेस. त्यांनी रात्ररात्र रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणे तासातासाला टिपली. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. विंचवाच्या विषाने शरीरातली ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये अनावर सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांवर धडका देऊन थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून त्या रक्तवाहिन्या सैल केल्या. शंभरात तीसच्या घरातले मृत्यू एकावर आले. यंत्र नाही, अतिदक्षता विभाग नाही. रोग्यापाशी बसून ठेवलेली नोंद आणि एक गोळी. त्याआधी ही मरणे एक तर 'विंचू चावून' किंवा 'हृदय बंद पडून' एवढ्यावरच संपत असत.

आतापर्यंतच्या इतिहासातला रोगी बहुतेक वेळा आजारी पडेपर्यंत खाऊनपिऊन होता. आपल्या मुलखातल्या मरणाचा मोठा भाग या इतिहासात बसत नाही, कारण इथे रोग यायच्या आधीच शरीराची शिल्लक संपलेली असे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये मदतकामावरच्या मजुरांची मजुरी किती असावी यावर सरकारात वाद झाला. व्हाइसरॉय लिटनने पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दिवसाला एक पौंड धान्य आणि किरकोळ पैसे पुरेत असे ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी कळवळून विरोध केला की तुरुंगातल्या कैद्यालाही याहून जास्त मिळते. मुंबई इलाख्यात लोकांनी ही कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि रानडे यांच्या पुढाकाराने, सरकारला अर्जांवर अर्ज केले आणि गावोगावची हलाखी लिहून काढली. त्या दुष्काळात ब्रिटिश हद्दीतच ५० लाखांहून अधिक माणसे गेली. टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला.

ही माणसे कशाने मेली? सरकारी नोंदवहीचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, ताप, हगवण, दुखापत, इतर. नेहमीच्या वहीत भुकेला रकाना नव्हता. गावात मरण झाले की गावकामगार जे सुचेल ते लिही, आणि बहुतेकदा त्याला ताप सुचे. वर्षानुवर्षे साऱ्या हिंदुस्थानात सगळ्यात मोठा रकाना तापाचाच राहिला. दुष्काळातली मरणे अनेकदा पाऊस पडल्यावर शिगेला पोचत: ओलीबरोबर हिवताप येई आणि महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या देहांना उचलून नेई. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातही तेच झाले. वहीप्रमाणे ती तापाची साथ होती. त्याच सुमारास वॉर्सातल्या कोंडवाड्यात स्वतः उपाशी असलेले ज्यू डॉक्टर भुकेचा शास्त्रीय अभ्यास करत होते. त्यांना दिसले की उपासमारीत शरीर नीट तापतसुद्धा नाही. क्षयाच्या चाचणीची गाठ त्वचेवर उमटत नाही. लढाईच द्यायला शरीरात काही उरलेले नसते. १९४२ च्या उन्हाळ्यात मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या आणि अभ्यास थांबला. लपवून बाहेर काढलेली हस्तलिखिते १९४६ मध्ये छापली गेली. तोवर त्यांचे बहुतेक लेखक मारले गेले होते.

१९१८ ची मुंबई हा याच गोष्टीचा आपल्या घरातला पुरावा. जूनमध्ये बंदरावाटे इन्फ्लुएन्झा शिरला, सप्टेंबरात दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मरणे नोंदली गेली. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग होते. जंतू एकच, शहर एकच, महिनाही तोच. युरोपियनांमध्ये हजारी ८.३ मेले, ज्यांना नोंदवहीत खालच्या जातीचे हिंदू म्हटले होते त्यांच्यात हजारी ६१.६. सातपटींहून अधिक. विषाणूला जात कळत नाही, हे वाक्य पुढे करोनाच्या काळातही पुष्कळ ऐकू आले. चाळीतल्या खोलीतली माणसे, पोटातले अन्न, पाणी द्यायला घरात कुणी उठून उभे आहे की नाही, हे सगळे विषाणूच्या वतीने जात ओळखत होते.

उपाय कुठे आहे हेही आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, सेप्सिस ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यू शंभरात १६.६ वरून २.८ वर आले. शहरातल्या एखाद्या रुग्णालयाने हा आकडा फलकावर लावून मिरवला असता. २०२३ मध्ये झारखंडातल्या अभ्यासाने दाखवले की क्षयरोग्याच्या घरच्यांना सकस शिधा दिला तर घरात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी उतरते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कॉर्निश जे सांगत होते त्याची ही पावती. तरीही आरोग्याच्या नावाने उद्‌घाटन होते ते खाटांचे आणि श्वासयंत्रांचे. ती नकोत असे कुणीच म्हणणार नाही. ज्याच्या फुप्फुसात पाणी भरले आहे त्याला आज यंत्रच लागते. पण यंत्र दारावरचा पहारेकरी आहे, आणि पहाऱ्यावर होणारा खर्च दिसतो तसा वाटेवरचा दिसत नाही, म्हणून तो होत नाही.

दिसत नाही याचे एक कारण कागदात आहे. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचा: 'अल्पशा आजाराने', 'प्रदीर्घ आजाराने', 'हृदयक्रिया बंद पडून'. घरच्यांनी छापायला दिलेल्या मजकुराला दोष देता येत नाही. पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली डॉक्टरने भरायचा नमुना ४ हा शोकसंदेश नव्हे. त्यात पहिल्या ओळीवर मरणाचे तात्कालिक कारण आणि खालच्या ओळींवर त्याला कारणीभूत झालेला मूळ आजार लिहायचा असतो. हृदय बंद पडणे, श्वास थांबणे ही मरणाची रीत झाली, ती कारण म्हणून लिहू नये, अशी सूचना त्यासोबत असते. तरी नेमके तेच लिहिले जाते, कारण ते कधीच खोटे ठरत नाही. २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचेच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीचे आजही जवळपास गावकामगाराच्या वहीत आहेत. लंडनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत घरोघर जाऊन मरणाचे कारण ठरवणाऱ्या म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्यांच्या चुकीच्या का होईना, पण नोंदींवरून जॉन ग्रॉन्टने १६६२ मध्ये लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. आपल्याकडे भारतीय महानिबंधकांच्या नमुना पाहणीतून घरच्यांना विचारून कारण शोधायचे काम झाले, तेव्हा सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे मरतात असे निघाले. सरकारी आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. करोनाच्या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारला तो मान्य नाही, सरकारचा आकडा याच्या सुमारे एक दशांश होता. या वादाचा निकाल लावायला लागणारे कागद मुळात भरलेच गेले नाहीत.

राज्य सरकारला करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. मातामृत्यू झाला की त्याची चौकशी होते, उशीर कुठे झाला हे विचारले जाते. तीच पद्धत प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात सेप्सिसच्या मृत्यूला लावावी: रोगी किती वाजता आला, पहिले प्रतिजैविक किती वाजता मिळाले, त्याआधी तो कुठे-कुठे फिरला. दुसरे, नमुना ४ कसा भरायचा याचे शिक्षण नोकरीवर रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला द्यावे आणि भरलेले नमुने तपासावेत. रात्री तीन वाजता, सलग पाळ्या करून थकलेल्या निवासी डॉक्टरकडून हा कागद घाईत भरला जातो, हे खरे आहे. म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी वरिष्ठाने पाहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट वाचकांच्या हातातली आहे. महापालिका किंवा ग्रामपंचायत देते त्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतेच. पण कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे, आणि तिच्याप्रमाणे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. घरात असा प्रसंग आला तर ती प्रत मागून घ्या. पहिल्या ओळीवर नुसतेच 'हृदयक्रिया बंद' असेल आणि खालच्या ओळी कोऱ्या असतील, तर तिथे काय लिहायला हवे होते, हे डॉक्टरला विचारा.